वीरगळांची नोंद: दगडासमोरच्या वहीपासून सर्वांच्या वापरातल्या डेटापर्यंत

सातारा-सांगलीकडे हौसेने वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या कोरीव शिळा, टिपत फिरणारी मंडळी कमी नाहीत. वाई तालुक्यातलं किकली तर वीरगळांसाठीच ओळखलं जातं, सज्जनगडाच्या पायथ्याला परळीच्या जुन्या देवळांपाशीही ते पाहायला मिळतात. रविवारी गाडी काढायची, दोन-तीन गावं करायची, रात्री ग्रुपवर फोटो टाकायचे, चार अंगठे मिळवायचे. मग कधीतरी एम.ए. करणारी एखादी मुलगी विचारते, "खटाव-माणकडच्या वीरगळांवर जनावरं किती ठिकाणी कोरलेली आहेत?" फोनात दोन हजार फोटो असतात, पण उत्तर कुणाकडेच नसतं. कुठला फोटो कुठल्या गावचा, हेही निम्म्यांच्या बाबतीत आठवत नाही.

हा लेख त्या मुलीला उत्तर देता यावं म्हणून आहे. साहित्य फार लागत नाही: फोन, मापाची टेप, वही, स्प्रेडशीट आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर. वेळ मात्र लागतो. एका वीरगळाची नीट नोंद करायला अर्धा तास तरी धराच, त्यामुळे एका रविवारात दहा गावं उरकण्याचा बेत सोडून द्या.

निघण्याआधी

जमिनीच्या वर जे दिसतं तेवढंच आपलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. संरक्षित स्मारकांना केंद्राचा १९५८ चा किंवा राज्याचा १९६० चा कायदा लागू होतो, त्यामुळे स्थळ संरक्षित यादीत आहे का ते आधी पाहून घ्या. गावाबाहेरच्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडावर खापरं दिसली तर जागेवरच फोटो काढा, खिशात घालू नका. घरी आणलेलं खापर कुठलं आणि कशाशेजारी पडलं होतं, हे वर्षभरात विसरायला होतं. मग ते शोभेची वस्तू म्हणूनच उरतं.

गावात गेल्यावर गुरव, देवस्थानचे पंच किंवा सरपंच यांना आधी भेटा. "दगड हलवणार नाही, शेंदूर खरवडणार नाही, फक्त माप आणि फोटो घेतो," एवढं सांगितलं की माणसं सहसा स्वतःच पुढे होऊन दाखवतात. देवळामागचे दोन पाहून होईपर्यंत कुणीतरी ओढ्याकाठचा तिसरा आठवून सांगतं. काही ठिकाणी गुप्तधन शोधणाऱ्यांमुळे परक्या माणसाकडे संशयाने बघतात. तिथे कॉलेजचं किंवा इतिहास मंडळाचं पत्र खिशात असलेलं बरं.

तक्ते आधी, दगड नंतर

सगळं एकाच लांबलचक तक्त्यात भरायचा मोह होतो. पण एका देवळामागे सात वीरगळ असले की गावाचं नाव सात वेळा लिहावं लागतं आणि त्यात तीन वेळा वेगळं लिहिलं जातं. म्हणून चार छोटे तक्ते करा: स्थळ, भेट, शिळा आणि फोटो. स्थळाला क्रमांक द्या. शिळेच्या ओळीत स्थळाचा क्रमांक येईल, फोटोच्या ओळीत शिळेचा.

क्रमांक साधा, एकापुढे एक चढत जाणारा ठेवा. त्यात जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं नाव गुंफू नका. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये साताऱ्यातून 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. पलूस, कडेगाव हे तालुके तर त्याच्याही नंतरचे. हद्दी पुढेही बदलतील. शिळेचा क्रमांक बदलण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. आणि हो, तो क्रमांक दगडावर रंगवायचा नाही. हे सांगावं लागतं, कारण असे रंगवलेले दगड पाहिले आहेत.

गावाच्या नावाशेजारी २०११ च्या जनगणनेतला सहा अंकी ग्रामसंकेतांक लिहा. वडगाव नावाची गावं आपल्याकडे किती आहेत ते कुठल्याही एसटी स्टँडवर विचारून पाहा. संकेतांक असला की तुमचा तक्ता लोकसंख्या, नद्या, रस्ते अशा कुठल्याही सरकारी तक्त्याला जोडता येतो.

चारांपैकी 'भेट' हा तक्ता सगळे वगळतात. माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा. तारीख, कोण गेलं, गावाचा कुठला भाग पाहिला आणि काय मिळालं, एवढंच त्यात असतं. काहीच मिळालं नाही त्या गावाचीही ओळ भरायची. का, ते विश्लेषणाच्या वेळी कळेल.

दगडासमोर

आता नमुन्यादाखल एक ओळ भरू. समजा कोरेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात भैरोबाच्या देवळामागे, भिंतीला टेकवून उभा केलेला काळ्या पाषाणाचा वीरगळ आहे. पायथा सिमेंटमध्ये बसवलेला, खालच्या अर्ध्यावर चंदेरी ऑइलपेंट.

मापं सेंटिमीटरमध्ये: जमिनीवरची उंची ११२, रुंदी ४६, जाडी १९. 'उंची' एवढंच लिहू नका, 'जमिनीवरची उंची' लिहा, कारण खाली किती गाडलं आहे ते आपल्याला दिसत नाही. जाडी एका बाजूनेच मोजता आली असेल तर तसं टिपणात टाका.

मग चौकटी खालून वर मोजत जा. बहुतेक वीरगळांत खाली लढाई किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे बसलेला वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य किंवा कलश, असा क्रम असतो. हा क्रम पाठ असणं हीच खरी अडचण. मधली चौकट झिजलेली असली तरी आपल्याला तिथे अप्सरा 'दिसतात'.

म्हणून शिळेच्या तक्त्यात दोन वेगळे स्तंभ ठेवा, एक 'काय दिसतं' आणि दुसरा 'काय वाटतं'. आपल्या दगडाच्या खालच्या चौकटीत दोन उभी माणसं आहेत, डावीकडच्याच्या हातात गोल ढाल आहे, उजवीकडे तीन चारपायी प्राणी आहेत आणि त्यांतल्या दोघांना वशिंड आहे. पहिल्या स्तंभात एवढंच लिहायचं. 'गुरं वाचवताना पडलेला वीर' हे दुसऱ्या स्तंभात. उद्या कुणी तुमचा अर्थ खोडून काढला तरी ढाल आणि वशिंड तक्त्यात तसंच राहतं आणि त्याच्याही कामाला येतं.

हो-नाहीच्या प्रश्नांना चार उत्तरं ठेवा: हो, नाही, कळत नाही, पाहिलं नाही. चंद्र-सूर्य आहेत का? माथा फुटलेला असेल तर उत्तर 'नाही' होत नाही, 'कळत नाही' होतं. दगडाची मागची बाजू भिंतीला चिकटलेली असेल तर मागच्या कोरीवकामापुढे 'पाहिलं नाही'. रिकामा चौकोन कधीच सोडू नका. रिकाम्या चौकोनाचा अर्थ सहा महिन्यांनी तुम्हालाही लागत नाही, दुसऱ्याला कुठून लागणार? त्या चंदेरी ऑइलपेंटचीही नोंद करा. रंगाखालचं बारीक काम दिसत नाही, तेव्हा तिथे 'नाही' लिहिलं असेल तर वाचणाऱ्याने ते कितपत खरं धरायचं, हे त्यावरून ठरतं.

शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेली सतीशिळा असेल तर तिला वेगळा क्रमांक आणि वेगळी ओळ द्या. दोन्ही एकाच जोडप्याच्या असतील असं वाटलं तर ते 'काय वाटतं' मध्ये.

काळाबद्दल थोडं कडक बोलतो. आपल्याकडे जुनं दिसलं की 'यादवकालीन', फारच जुनं दिसलं की 'पांडवकालीन' म्हणायची सवय आहे. बहुतेक वीरगळांवर कोरलेला लेख नसतो आणि शैलीवरून काढलेला काळ हा अंदाजच असतो. तेव्हा एकाऐवजी तीन स्तंभ करा: काळ कधीपासून, कधीपर्यंत आणि कशावरून. तिसरा भरता येत नसेल तर पहिले दोन भरू नका, 'ठरवता आला नाही' असं स्पष्ट लिहा. लेखात शके दिला असेल तर शके जसा आहे तसा ठेवा आणि इसवी सन शेजारच्या स्तंभात लिहा. ७८ मिळवले की झालं असं वाटतं, पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे शके १२०० म्हणजे इ.स. १२७८-७९. महिना माहीत नसेल तर दोन्ही सालं लिहा. लेखाचा ठसा घ्यायच्या फंदात पडू नका, ते जाणकाराचं काम आहे. पीठ किंवा खडू चोळून अक्षरं उठवणं तर अजिबात नको.

जागेचेही दोन स्तंभ लागतात, आजची जागा आणि सांगितली गेलेली मूळ जागा. जीर्णोद्धारात दगड इकडचे तिकडे होतात. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी या धरणांखाली गेलेल्या गावांचे देव नव्या गावठाणात आले, आणि अशा गावात देवळाशेजारी दिसणारी शिळा मूळची तिथलीच असेल असं धरून चालता येत नाही. माहिती कुणी दिली तेही लिहा, पण नावाने नको. 'गावातील ज्येष्ठ महिला' किंवा 'देवळाचे गुरव' एवढं पुरे. नाव आणि फोन नंबर आपल्या वहीत राहू द्यात.

फोटो

समोरून एक, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक चौकटीचा जवळून, आणि परिसरासकट लांबून एक. मापपट्टी दगडाला न चिकटवता शेजारी धरा. भर दुपारचं ऊन टाळा. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा कोरीवकाम उठून दिसतं. दगड सावलीत असेल तर बाजूने टॉर्च मारूनही काम भागतं. त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर दगडाभोवती फिरत, लागोपाठच्या दोन फोटोंत साठ ते ऐंशी टक्के भाग सामाईक येईल असे फोटो घ्या. मेशरूम हे मोफत सॉफ्टवेअर त्यांवरून प्रतिकृती बनवतं.

मूळ फाइलला हात लावू नका. तिचं नाव फोटोच्या तक्त्यात लिहा आणि शिळेच्या क्रमांकाशी जोडा. मित्राचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे मागवलेत तर ते दाबले जातात आणि फोटोच्या पोटातली वेळ-जागेची माहितीही पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

घरी, स्प्रेडशीटमध्ये

त्याच रात्री भरा. दुसऱ्या दिवशी दोन गावांच्या मारुतींची सरमिसळ होते.

एक्सेल आपल्या सोयीसाठी काही गोष्टी परस्पर करतं. गट नंबर १२/३ टाकला की त्याची १२ मार्च ही तारीख होते, आणि एकदा झाली की मूळ आकडा परत मिळत नाही. म्हणून गट नंबर, क्रमांक, संकेतांक असे स्तंभ भरण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. मापं इंग्रजी अंकांत टाका. देवनागरी अंक बऱ्याचदा मजकूर म्हणून धरले जातात आणि सरासरी निघत नाही. चौकोन एकत्र करणं, लाल-पिवळ्या रंगाने अर्थ दाखवणं, एका चौकोनात 'ढाल, तलवार, घोडा' असं सगळं कोंबणं, हे सगळं टाळा. रंगाचा अर्थ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर) फाइलमध्ये उरत नाही.

शेवटी जपून ठेवायची फाइल सीएसव्ही असावी आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत असावी. ती एक्सेलमध्ये नुसती डबल-क्लिक करून उघडली तर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात. घाबरून ती सेव्ह करू नका. बंद करा, डेटा मेनूतून आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा. लिबरऑफिस उघडतानाच हे विचारतं. जुन्या डीटीपी फाँटमधली टिपणं हाती आली असतील तर ती आधी युनिकोडमध्ये बदला आणि बदलल्यावर मुळाशी ताडून पाहा.

मराठीत आणखी एक खाच आहे. 'कऱ्हाड' हा शब्द काहीजण 'कराड' लिहितात, हा फरक निदान डोळ्यांना दिसतो. पण 'कऱ्हाड'मधला ऱ्ह संगणकावर दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जाऊ शकतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा नाही. गोषवाऱ्यात एकच गाव दोनदा आलं तर आधी इथे पाहा. ओपनरिफाइन हे मोफत साधन मिळत्याजुळत्या नावांचे गट करून दाखवतं, त्यात हे पटकन सापडतं.

साफसफाई नेहमी प्रतीवर करा, मूळ तक्ता बाजूला ठेवा, आणि काय बदललं ते तारखेसह एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहीत जा.

अक्षांश-रेखांश दशांशात आणि दोन वेगळ्या स्तंभांत. पाच दशांश स्थळं म्हणजे साधारण एक मीटर; फोनचा जीपीएस तेवढा अचूक नसतोच, त्यामुळे त्यापुढचे आकडे नुसती सजावट आहेत. आपल्या दोन जिल्ह्यांत अक्षांश साधारण १६.७ ते १८.२ आणि रेखांश ७३.५ ते ७५.७ एवढ्यात येतात. अदलाबदल झाली तर वीरगळ नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो, म्हणून सगळे बिंदू एकदा क्यूजीआयएसमध्ये उघडून बघा. अंतरं मोजायची असतील तर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीतला ४३ उत्तर हा विभाग निवडा.

विश्लेषण

आता 'भेट' तक्त्याचं काम. समजा वाई तालुक्यातली ४० गावं पाहिली आणि १८ गावांत वीरगळ मिळाले. खटावमधली १० पाहिली आणि ६ गावांत मिळाले. नुसते मिळालेले बिंदू नकाशावर टाकले तर वाई भरलेली आणि खटाव ओकंबोकं दिसेल. पण प्रमाण काढलं तर वाईत ४५ टक्के आणि खटावमध्ये ६० टक्के. दहा गावांवरून खटाव पुढे आहे असंही म्हणता येत नाही, पण 'वीरगळ वाईकडेच जास्त' हा निष्कर्ष टिकत नाही एवढं नक्की. प्रमाण न काढता आपण वीरगळांचा म्हणून छापलेला नकाशा खरं तर डांबरी रस्त्यांचा, म्हणजे आपण जिथे जिथे पोचलो त्या गावांचा असतो. हात रिकामे घेऊन आलेल्या गावांची ओळ भरा म्हटलं ते याचसाठी.

जनावरांचा प्रश्नही असाच सोडवायचा. समजा ६० शिळांपैकी १२ वर जनावरं आहेत, ३० वर नाहीत आणि १८ बाबतीत कळत नाही. १२ ला ६० ने भागलं तर २० टक्के, ज्यांचं कळतं त्या ४२ ने भागलं तर जवळजवळ २९ टक्के. दोन्ही आकडे द्या आणि भागाकार कशाने केला ते सांगा. एकच आकडा छापणारे लेख मी तरी बाजूला ठेवतो.

एक छोटी परीक्षा जरूर घ्या. त्याच दहा शिळा दोघांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या भराव्यात आणि मग तक्ते शेजारी ठेवावेत. जिथे दोघांची उत्तरं वारंवार वेगळी येतात तो प्रश्नच नीट विचारलेला नाही. तो बदला, किंवा स्तंभच काढून टाका.

खुलं करताना

ड्राइव्हची लिंक म्हणजे प्रकाशन नव्हे. खातं बंद पडलं की लिंकही गेली. झेनोडो हे युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेचं २०१३ पासून चालू असलेलं भांडार मोफत आहे. तिथे डेटा ठेवला की त्याला कायमस्वरूपी डीओआय क्रमांक मिळतो आणि लेखात त्याचा हवाला देता येतो. परवाना सीसी बाय ४.० घ्या: कुणीही वापरावं, श्रेय द्यावं. सोबत दोन पानांची माहिती फाइल हवी: कोणी, कधी, कुठला भाग पाहिला, प्रत्येक स्तंभाचा अर्थ काय, 'कळत नाही' आणि 'पाहिलं नाही' यांत फरक काय. ही फाइल मराठीत लिहाच, इंग्रजीतही असली तर बाहेरचेही वापरतील. स्तंभांची नावं मात्र रोमन लिपीत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवा, सॉफ्टवेअर अडत नाही.

खुलं म्हणजे सगळं खुलं असं मात्र नाही. सुटी, उचलून नेता येण्याजोगी शिळा नेमकी कुठे आहे हे जगजाहीर करणं म्हणजे चोराला पत्ता देणं. सार्वजनिक फाइलमध्ये अक्षांश-रेखांश दोन दशांशांपर्यंतच ठेवा, म्हणजे साधारण एक किलोमीटरची चूक राहते. तालुक्याच्या नकाशाला तेवढं भरपूर होतं. नेमके आकडे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि कोण, कशासाठी मागतंय ते पाहून द्या. तक्त्यात जागा झाकली आणि फोटोंच्या पोटात जीपीएस तसाच राहिला, असं सर्रास होतं. वर चढवण्याच्या प्रतींमधून तो काढून टाका. पूर्ण यादीची एक छापील प्रत ग्रामपंचायतीला द्या. दगड हलला तर पहिली खबर तिथूनच येणार.

दुसऱ्यांचा डेटा घेताना

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्यावरचा १९ वा खंड १८८५ चा. तेव्हा वाळवा, तासगाव हे तालुके साताऱ्यात होते, म्हणून सांगलीकरांनाही तो लागतो. खुद्द सांगली आणि मिरज मात्र संस्थानं होती, त्यांच्यासाठी कोल्हापूरचा २४ वा खंड बघावा लागतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा वार्षिक आढावा १९५३-५४ पासूनचा आहे. त्यात कुठल्या तालुक्यात काय मिळालं याच्या नोंदी एकेका ओळीत असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवरून बिंदू घेताना जपून. ते पृथ्वीचा आकार धरण्याच्या जुन्या एव्हरेस्ट पद्धतीवर बेतलेले आहेत आणि जीपीएसच्या तुलनेत शे-दोनशे मीटरचा फरक पडू शकतो. सातारा शहराजवळून ७४ रेखांश जात असल्यामुळे तिथल्या कामाला ४७-जी आणि ४७-के अशी त्या नकाशांची दोन पत्रकं लागतात. सांगली शहर ४७-एल मध्ये येतं.

बाहेरची नोंद आपल्या तक्त्यात घेताना 'स्रोत' स्तंभात ती कुठून आली ते लिहा आणि 'स्वतः पाहिलं का' या स्तंभात 'नाही'. इतरांच्या फोटोंना परवाना नसेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका, सोशल मीडियावर सगळ्यांना दिसत असले तरी.

तुमचा तक्ता कुणी वापरला की चुकाही कळवल्या जातील: अमुक शिळा आता रस्ता रुंदीकरणात हलली, तमुक चौकटीत घोडा नाही, उंट आहे. मूळ फाइल बदलून गप्प बसू नका. दुरुस्त तक्ता झेनोडोवर नवी आवृत्ती म्हणून चढवा; प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो आणि सगळ्यांचा मिळून एक सामाईक डीओआयही असतो. लेखात हवाला देणाऱ्यांना वापरलेल्या आवृत्तीचाच डीओआय द्यायला सांगा, आणि दुरुस्ती कुणी सुचवली ते त्यांच्या परवानगीने बदलांच्या फाइलमध्ये लिहा.